झाकण ३०४ चे, टाकी भलत्याच पत्र्याची: कोनिकल फर्मेंटर करून घेताना झालेली फसवणूक

स्टेनलेस स्टीलची वस्तू करून घेताना पत्र्याच्या प्रतीबाबत ग्राहकाला किती सहज फसवता येते, याचा अनुभव मला कोल्हापुरात आला. तो तपशिलाने लिहितो आहे, कारण ज्या पद्धतीने मला फसवले गेले ती केवळ माझ्यासाठी शोधलेली नव्हती. पुढे चौकशी केल्यावर खव्याची कढई करून घेणारे एक गृहस्थ आणि जेवणाची कंत्राटे घेणारे एक केटरर याच पद्धतीने नाडले गेल्याचे कळले. मी ज्याच्याकडून काम करून घेतले त्याचे नाव येथे देत नाही. तक्रार योग्य ठिकाणी केलेली आहे आणि वाचकांना उपयोग नावापेक्षा पद्धतीचा आहे.

मला आले, गूळ आणि लिंबू यांचे हलके आंबवलेले पेय, म्हणजे ज्याला जिंजर बिअर म्हणतात ते, घरी नीट करायचे होते. नाव बिअरचे असले तरी ही माल्टची बिअर नव्हे. तशी बिअर परवान्याशिवाय घरी करणे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये बसत नाही, आणि माझा तो हेतूही नव्हता. पण भांडे मात्र मला बिअरवाले वापरतात तसेच हवे होते. पुण्यात परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम करणाऱ्या माझ्या भाच्याने त्याचे रेखाटन करून दिले होते. वर दंडगोल, खाली निमुळता होत जाणारा शंकू आणि शंकूच्या टोकाला व्हॉल्व्ह, असे हे भांडे असते; यालाच कोनिकल फर्मेंटर म्हणतात. आंबवण झाल्यावर यीस्ट आणि आल्याचा चोथा शंकूत उतरतो आणि व्हॉल्व्ह क्षणभर उघडला की तो खालून निघून जातो, त्यामुळे वरचे पेय दुसऱ्या भांड्यात ओतून हवेच्या संपर्कात आणावे लागत नाही. शंकूचा कोन ६० अंशांचा ठेवतात. उतार याहून पसरट झाला तर गाळ घसरत नाही, भिंतीलाच धरून बसतो.

या ६० अंशांमुळे करणाऱ्याचीही एक सोय होते. व्यास ३५ सेंटिमीटर घेतला तर शंकूची तिरकी बाजूही ३५ सेंटिमीटर येते आणि शंकू उलगडून सपाट केला की बरोबर अर्धवर्तुळ मिळते. म्हणजे पत्र्यावर ३५ सेंटिमीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ आखायचे, कापायचे, वळवायचे आणि एकच शिवण मारायची. त्यावर ४० सेंटिमीटर उंचीचा दंडगोल बसवला की सुमारे ४८ लिटरचे भांडे होते. ही भूमिती सांगण्याचे कारण असे की माझा विश्वास बसावा म्हणून जे नाटक केले गेले ते याच अर्धवर्तुळाभोवती रचलेले होते.

आंबट पेयासाठी पत्रा ३०४ प्रतीचा हवा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. निकेल महाग असल्यामुळे २०० मालिकेतील पत्र्यांत ते कमी करून त्याच्या जागी मँगनीज घालतात. दिसायला, बफिंग केल्यावर चमकायला आणि हाताला दोन्ही सारखेच लागतात, फरक कळतो तो आम्ल, मीठ आणि काळ यांच्या संगतीत. आले-लिंबाचे पेय चांगलेच आंबट असते, आणि त्यात असा पत्रा दिवसेंदिवस बुडून राहिला तर शिवणींपासून गंजायला लागतो आणि पेयाला धातूची चव येते.

कोल्हापुरात अशा कामासाठी माणूस शोधावा लागत नाही. नामांकित यंत्र-कारागीर म्हादबा मेस्त्रींच्या या गावात उद्यमनगरापासून शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत लेथ, फाउंड्री आणि फॅब्रिकेशनची कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, आणि दूध व्यवसायामुळे स्टेनलेसची भांडी करणारे उत्तम कारागीरही आहेत. या लौकिकाच्या सावलीत काही भलतेही लोक उभे असतात. मी गेलो तो गाळा स्वच्छ होता, दर्शनी भागात डेअरीचे कॅन मांडलेले होते आणि मालकाचे बोलणे आर्जवी होते. पत्रा ३०४ चा, जाडी दीड मिलिमीटर, शिवण आर्गन वेल्डिंगची, खाली स्टेनलेसचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह, असे सगळे ठरले. एकूण २४,००० रुपये, त्यातले १५,००० आगाऊ.

त्यानंतर त्याने कोपऱ्यातला फिल्म लावलेला पत्रा ओढून काढला, त्यावर छापलेली ३०४ ही अक्षरे दाखवली, कारखान्याच्या टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स हातात दिली आणि तिच्यावरचा हीट नंबर, म्हणजे ज्या ओतीतून पत्रा निघाला तिचा क्रमांक, पत्र्यावरच्या नंबराशी मला स्वतःलाच जुळवून पाहायला लावला. तो जुळला. मग खिशातून लोहचुंबक काढून म्हणाला, "लावून बघा की सर, चिकटला तर एक रुपया देऊ नका." चुंबक चिकटला नाही. शेवटी त्याने भाच्याच्या रेखाटनावरून माझ्यासमोर मार्करने ते अर्धवर्तुळ त्या पत्र्यावर आखले. समोर आखलेला पत्रा उद्या कापला जाणार नाही, अशी शंका कोणाला येईल?

चुंबकाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गावातल्या निम्म्या खरेदी-विक्रीचा निवाडा आजही त्याच्यावर होतो. चुंबकाला न चिकटणे हा स्टीलच्या अंतर्गत रचनेचा गुण आहे, प्रतीचा नव्हे. निकेलने जी रचना टिकते तीच मँगनीज आणि नायट्रोजन यांनीही टिकते, म्हणून २०० मालिकेतला स्वस्त पत्राही चुंबकाला दाद देत नाही. उलट खरा ३०४ पत्रा थंड स्थितीत वाकवला, ठोकला किंवा खोल दाबला की त्या जागी थोडा चुंबकीय होतो, आणि अस्सल भांड्याच्या काठाला चुंबक हलकासा ओढला जातो. म्हणजे ही परीक्षा खोट्याला पास करते आणि कधीकधी खऱ्याला नापास. तिच्याने ओळखता येतो तो केवळ ४३० सारखा, मुळातच चुंबकीय असलेला पत्रा. जो विक्रेता आपण होऊन चुंबक पुढे करतो त्याला हे ठाऊक नसण्याची शक्यता फार कमी आहे.

टाकी ठरल्या वेळी मिळाली आणि दिसायला देखणी होती. मात्र सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून ठेवल्यावर काही दिवसांतच शंकूच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना तपकिरी ठिपके उमटले. विचारले तेव्हा मालकाने दोन कारणे सांगितली: एक तर मी ब्लीचिंग पावडर वापरली असणार, किंवा लोखंडाला वापरलेली ग्राइंडरची डिस्क चुकून स्टेनलेसवर फिरली असेल, "ते पॉलिश केलं की जातंय." हे उत्तर लबाडीचे असले तरी खोटे नव्हते, आणि त्यातच त्याची हुशारी होती. क्लोरीनने ३०४ लाही बारीक खड्डे पडतात आणि लोखंडाचे कण रुतले तर अस्सल पत्र्यावरही गंज दिसतो. गंज हा त्यामुळे संशयाचे कारण ठरतो, पुरावा ठरत नाही.

पुरावा मिळाला तो थेंबांच्या परीक्षेतून. भंगाराचे व्यापारी वापरतात ते छोट्या बाटलीतले द्रावण मिळते. घासून स्वच्छ केलेल्या जागी त्याचा थेंब टाकून ९ व्होल्टच्या बॅटरीची तार काही सेकंद टेकवायची. मँगनीज भरपूर असलेल्या पत्र्यावर थेंब लालसर होतो, ३०४ वर तसा होत नाही. मी पहिला थेंब झाकणावर टाकला आणि रंग बदलला नाही. गळ्याच्या कड्यावरही नाही. क्षणभर मलाच त्या माणसावर संशय घेतल्याचे वाईट वाटले. नंतर दंडगोलावर आणि शंकूवर थेंब टाकले, आणि दोन्हीकडे लाल.

ग्राहक तपासतो ते झाकण आणि काठ, म्हणून तेवढेच ३०४ चे केलेले होते. जे बारा महिने पेयात बुडणार ते मात्र दुसऱ्याच पत्र्याचे. एका परिचित फाउंड्रीतल्या मित्राने धातूतले घटक मोजणाऱ्या, हातात धरायच्या एक्स-रे गनने खात्री करून दिली. शंकूत निकेल एक टक्क्याच्या आसपास, मँगनीज नऊच्या वर आणि क्रोमियम पंधराच्या घरात निघाले. बाजारात ज्याला जे-फोर म्हणतात तो हा पत्रा, म्हणजे २०० मालिकेतल्या २०२ या प्रतीच्याही खालचा. तिथेच जाडीही मोजली. झाकण दीड मिलिमीटरचे, टाकी १.२ ची.

वेल्डिंगची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आर्गन वेल्डिंग करताना बाहेरून वायू मिळतो, पण शिवणीच्या आतल्या बाजूलाही आर्गन सोडला नाही तर तिथला तापलेला धातू हवेशी संयोग पावून काळा, खरबरीत, साखरेच्या दाण्यांसारखा होतो. अशा खरबरीत जागी जंतू घर करतात, कितीही धुतले तरी तिथून हलत नाहीत आणि पुढचा प्रत्येक घाणा नको तितका आंबट होतो. माझ्या टाकीत शंकूच्या आत, जिथे डोळा पोहोचत नाही तिथे, नेमके हेच होते. बाहेरून मात्र शिवण आरशासारखी बफ केलेली. कापसाचा बोळा काठीला बांधून आतल्या शिवणीवरून फिरवला की तंतू अडकतात का ते पाहावे. हे कोणालाही जमते. व्हॉल्व्हबद्दल फार लिहीत नाही: स्टेनलेसच्या बटरफ्लायऐवजी मुलामा दिलेला पितळी बॉल व्हॉल्व्ह होता, आणि बॉलच्या मागच्या पोकळीत गाळ अडकून राहतो, तो खोलल्याशिवाय निघत नाही.

हे सर्व समोर ठेवल्यावर आर्जव संपले. ज्या पत्र्यावर अर्धवर्तुळ आखले होते त्याचे कात्रण दाखवा, असे मी म्हटले. चौकोनी पत्र्यातून अर्धवर्तुळ काढले की दोन कोपरे उरणारच, आणि ते भंगारात गेले असतील तर भंगारवाल्याची पावती असेल, असे माझे म्हणणे होते. त्यावर त्याने बिलाकडे बोट दाखवले. बिलात "एस. एस. टाकी, १ नग" एवढेच लिहिलेले होते, प्रत नाही, जाडी नाही, हीट नंबर नाही. त्याच्या मते स्टेनलेस म्हणजे स्टेनलेस, आणि ते त्याने दिले होते. तो अस्सल पत्रा बहुधा अजून कोपऱ्यातच असेल आणि त्यावरचे मार्कर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुढच्या गिऱ्हाईकाची आकृती आखली जात असेल, असा माझा तर्क आहे. केटररलाही तशीच आकृती आखून दाखवली होती.

दुसरी टाकी मी डेअरीची कामे करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडून करून घेतो आहे आणि त्याला माझ्या अटींचे काही वावगे वाटले नाही. पत्रा आखून झाल्यावर प्रत्येक तुकड्यावर, काठाच्या आत, माझ्याजवळच्या पंचची खूण ठोकली. मार्कर पुसता येतो, पंच पुसता येत नाही. कात्रणे माझ्या ताब्यात आहेत. वळवण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर थेंब टाकला आणि शिवण मारण्याआधी शंकूची दोन्ही टोके बंद करून आत आर्गन सोडताना मी तिथे उभा होतो. पैसे तीन टप्प्यांत द्यायचे ठरले असून शेवटचा टप्पा आतली शिवण तपासल्यानंतरचा आहे. कामाच्या चिठ्ठीवर आणि बिलावर "पत्रा ३०४, आयएस ६९११ नुसार, जाडी १.५ मिमी, सर्व भाग" असे शब्द लिहून घेतले; आयएस ६९११ हे स्टेनलेस पत्र्याचे भारतीय मानक. त्यातले "सर्व भाग" हे दोन शब्द झाकणासाठी आहेत.

पहिल्या टाकीचे उरलेले ९,००० रुपये मी दिले नाहीत आणि आगाऊ रकमेसाठी तक्रार केली आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद केली, तिथे समेट झाला नाही, म्हणून ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे अर्ज दिला. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नसते आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. बिलात प्रत नसली तरी ठरवताना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले रेखाटन, त्यावर "३०४" असे लिहिलेले असणे आणि त्याखाली आलेले मालकाचे "हो सर, होऊन जाईल" हे उत्तर मी अर्जाला जोडले आहे. खव्याची कढई करून घेतलेल्या गृहस्थांची मुदत अजून उरलेली आहे आणि त्यांनीही आता कढईच्या तळाची तपासणी करून घेतली आहे. केटररच्या पातेल्यांची तपासणी व्हायची आहे.