अ‍ॅव्हलॉनच्या दोन रात्री आणि स्नीकी पीटची पेडल स्टील

कंट्री आणि रॉक यांच्या मिश्रणातून निघालेल्या कंट्री रॉकच्या सुरुवातीच्या काळातील प्रत्यक्ष कार्यक्रमांची जी ध्वनिमुद्रणे आज मिळतात, त्यांत पेडल स्टील गिटार बहुतेक ठिकाणी गाण्याच्या कडेला बसलेली असते. गायक ओळ संपवून श्वास घेतो, तेवढ्या फटीत ती चार स्वर भरते आणि पुन्हा मागे सरते. ‘फ्लाइंग बरिटो ब्रदर्स’ या अमेरिकी बँडचा ‘लाइव्ह अ‍ॅट द अ‍ॅव्हलॉन बॉलरूम १९६९’ हा दोन सीडींचा संच मला मोलाचा वाटतो तो यासाठी, की त्यात सगळ्या बँडचा भार या एका वाद्यावर पडलेला आहे आणि तो भार पेलताना त्या वाद्याची होणारी ओढाताणही स्पष्ट ऐकू येते.

एप्रिल १९६९ च्या पहिल्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅव्हलॉन बॉलरूममध्ये ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचे कार्यक्रम होते आणि त्यांच्या आधी बरिटो ब्रदर्स वाजवत होते. त्यांचा पहिला अल्बम बाजारात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. डेडचे ध्वनितंत्रज्ञ आउस्ली स्टॅन्ली यांना कार्यक्रमांचे मुद्रण करून ठेवण्याची सवय होती आणि त्या सवयीमुळेच ४ व ६ एप्रिलच्या या टेपा आपल्यापर्यंत पोहोचल्या. अनेक वर्षे डेडच्या संग्रहात राहिल्यानंतर ‘अमीबा’ या ध्वनिमुद्रिका कंपनीने २००७ मध्ये त्या प्रकाशित केल्या. ग्रॅम पार्सन्स आणि क्रिस हिलमन हे दोघे गायक, बासवर क्रिस एथ्रिज, ड्रमवर मायकेल क्लार्क आणि पेडल स्टीलवर ‘स्नीकी पीट’ या नावाने ओळखले जाणारे पीट क्लायनो, असा हा पाच जणांचा संच आहे. रॉक बँडमध्ये एकल वादन करणारा जो गिटारवादक गृहीत धरलेला असतो, तो यात नाही. गिटारवादक बर्नी लेडन त्यांना पुढे येऊन मिळाला. त्यामुळे सुरुवातीचा तुकडा, गायकाला द्यायचा प्रतिसाद, मधले एकल वादन आणि शेवट ही सगळी कामे क्लायनो यांनाच करावी लागतात.

हे काम किती अवघड आहे हे समजण्यासाठी वाद्याची रचना थोडी पाहावी लागते. आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीतातून ओळखीची झालेली हवाईयन गिटार हिचीच थोरली बहीण. मी लहानपणी मामांकडे ती थोडीफार शिकलो, म्हणून डाव्या हातातली धातूची कांडी तारेवर अर्धा केस इकडेतिकडे झाली तरी स्वर कसा बेसूर होतो, याची मला चांगलीच कल्पना आहे. पेडल स्टीलमध्ये त्या कांडीच्या जोडीला पाय येतात. पायपेटीचे पेडल फक्त हवा भरते, इथे मात्र प्रत्येक पेडल ठरावीक तारांचा ताण बदलते आणि त्या तारा ठरावीक अंतराने वर किंवा खाली जातात. कंट्री संगीताचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिलच्या वादकांच्या प्रचलित जुळणीचे, म्हणजे तारा स्वरांत लावण्याच्या पद्धतीचे, उदाहरण घेऊ. षड्ज, गंधार, पंचम असा स्वरमेळ धरून दोन पेडले एकदम दाबली, की षड्ज जागचा हलत नाही, गंधार चढून मध्यम होतो आणि पंचम चढून धैवत होतो. कांडी जिथल्या तिथे असते आणि तिच्याखाली सगळा स्वरमेळ कूस बदलतो. मींड म्हणावी तर ती एकाच तारेची असते, इथे एक स्वर स्थिर राहून त्याच्या शेजारचे दोन स्वर एकाच वेळी सरकत जातात. कंट्री संगीतात काळजाला हात घालणारा जो आवाज ऐकू येतो, तो यातून निघतो. कंट्री गायक वेब पिअर्सच्या १९५४ साली गाजलेल्या गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्स यांनी तो लोकांना ऐकवला आणि त्यानंतर स्टीलवादकांना पेडलांवाचून करमेना.

क्लायनो मात्र नॅशव्हिलच्या दहा तारांच्या वाटेने गेले नाहीत. त्यांच्याकडे आठ तारांची फेंडर ४०० होती, तिची जुळणी वेगळी होती आणि ती ते फझबॉक्समधून वाजवत. फझबॉक्स स्वराची कड फाडून टाकतो, तो खरखरीत आणि लांबट करतो. ही युक्ती रॉक गिटारवादकांची होती, नॅशव्हिलच्या स्टीलवादकांच्या वळणात ती बसत नव्हती. व्यवसायाने क्लायनो चित्रपटातील बाहुल्या एकेका चौकटीने हलवून जिवंत करणारे तंत्रज्ञ होते, ‘गंबी’ या मातीच्या बाहुलीवर त्यांनी काम केले होते. त्यांचे वादन ऐकताना मला ही गोष्ट हटकून आठवते, कारण तिथेही एखादा स्वर त्याच्या जागी थेट न जाता मध्ये दोन ठिकाणी थांबून, वळून बघून मग पोहोचतो.

संचातील ‘हॉट बरिटो नंबर वन’ आणि ‘नंबर टू’ ही पाठोपाठ येणारी दोन गाणी आधी ऐकावीत. पहिल्यात पार्सन्सचा आवाज वरच्या स्वरांना चिरकतो आणि स्टील त्याला खालून हात देते. ती ओळ पुरी होऊ देते, मग तिचेच शेवटचे वळण घेऊन पुढे जाते. दुसऱ्यात हेच वाद्य फझमधून असे काही गर्जते की बसल्या जागी वादक बदलला असावा असे वाटते. स्टुडिओत केलेल्या पहिल्या अल्बमवर क्लायनो यांना स्टीलचे एकावर एक थर चढवण्याची सोय होती. रंगमंचावर त्यांच्यापाशी दोन हात, दोन पाय आणि आठ तारा एवढेच होते. या तुलनेसाठी मूळ अल्बम जवळ ठेवावा, कारण थर गेल्यावर मोकळ्या राहिलेल्या जागा ते कशा भरतात, कोणत्या तशाच सोडून देतात, हे ऐकण्यासारखे आहे. ‘सिन सिटी’मध्ये पार्सन्स आणि हिलमन दोघे मिळून गातात तेव्हा क्लायनो फार थोडे वाजवतात आणि त्या थोड्यातच गाण्याचा सगळा विषाद उतरतो.

दोषही सांगायला हवेत. गायन अनेक ठिकाणी सैल आहे, दोघांचे स्वर काही ओळींत एकमेकांना भेटत नाहीत आणि लय मधूनच ओढल्यासारखी वाटते. दोन्ही रात्रींतील बरीच गाणी तीच असल्यामुळे दुसरी सीडी सर्वसाधारण श्रोत्याला पुनरुक्ती वाटेल. स्टीलच्या दृष्टीने मात्र ती पुनरुक्ती नाही, कारण एकाच गाण्यात क्लायनो दोन रात्री दोन वेगळे मार्ग धरतात. आवाजाची प्रत १९६९ मधील प्रत्यक्ष मुद्रणाच्या मानाने उत्तम आहे, तारेवर नखी पडल्याचा टणत्कारसुद्धा कळतो. मी घेतलेली वापरलेली प्रत विक्रेत्याने ‘नव्यासारखी’ म्हणून पाठवली होती आणि तिची दुसरी सीडी शेवटच्या गाण्याला अडखळत होती. तेव्हा जुनी प्रत घेणाऱ्यांनी दोन्ही सीडी पूर्ण ऐकून मगच व्यवहार पक्का करावा.

याच काळातील इतर मुद्रणांशी तुलना केली तर वादनाच्या सफाईत हा संच मागे पडतो. गायक रिक नेल्सनच्या ट्रूबॅडोर क्लबमधील १९६९ च्या कार्यक्रमात टॉम ब्रमली स्टील वाजवतात. कंट्री गायक बक ओवेन्सच्या बँडमध्ये मुरलेल्या त्या हाताचा एकही स्वर ढळत नाही. ‘पोको’ या कंट्री रॉक बँडच्या १९७१ साली आलेल्या ‘डिलिव्हरिन’ या अल्बममध्ये रस्टी यंग यांचे वादनही जोरकस आहे. फिरत्या लेस्ली स्पीकरमधून वाजवून स्टीलला ऑर्गनचा आवाज आणण्याची त्यांची कल्पना नवी होती आणि श्रोत्यांचा उत्साहही तिथे जास्त ऐकू येतो. पण त्या दोन्ही बँडांत स्टीलला आधार द्यायला इतर वाद्ये होती. अ‍ॅव्हलॉनमध्ये क्लायनो थांबले की गाणे उघडे पडते, आणि हे माहीत असल्यामुळे ते जे धाडस करतात ते मला त्या सफाईपेक्षा अधिक जवळचे वाटते.

ज्यांनी पेडल स्टील कधी लक्षपूर्वक ऐकलेली नाही त्यांनी आधी ब्रमली ऐकावेत, कान तयार करावा आणि मग इकडे यावे. हवाईयन गिटार वाजवणाऱ्यांनी तर हा संच मिळवावाच. हेडफोन लावून ‘हॉट बरिटो नंबर टू’ आधी एका रात्रीचे आणि लगेच दुसऱ्या रात्रीचे ऐकावे, आणि फझ सुरू झाल्यावर कांडी कुठे सरकते व पेडल कुठे दाबले जाते, हे केवळ कानाने ओळखण्याचा प्रयत्न करावा. मला अजून सगळ्या जागा सापडलेल्या नाहीत.