अल्पाकाचा स्वेटर: ठाण्याच्या हवेत चालतो का आणि घरी धुता येतो का

ठाण्यात राहून अल्पाका नावाच्या प्राण्याच्या लोकरीचा स्वेटर कशाला हवा असं मला सगळ्यांनी विचारलं आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला, तो धुणार कसा? तर माझं मत आधीच सांगते, मिळत असेल तर घ्या आणि घरीच धुवा. धुणं अवघड नाहीये, आपल्याकडे खरी परीक्षा वाळवण्याची आणि ठेवण्याची आहे.

माझ्याकडचा नणंदेने पेरू देशातल्या लिमाहून आणलेला, बेबी अल्पाका, न रंगवलेला राखाडी. बेबी हा लोकरीच्या बारीकपणाचा ग्रेड आहे, तंतूची जाडी साधारण २२ मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) आसपास, त्यामुळे गळ्याला अजिबात टोचत नाही. अल्पाका हा उंटाच्या कुळातला प्राणी, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात ४००० मीटर उंचीवर राहणारा, त्यामुळे लोकर हलकी असून भयंकर उबदार असते. आपल्या जानेवारीत पहाटे फिरायला जाताना किंवा ऑफिसच्या एसीत बसायला मस्त, लोकलमध्ये मात्र काढून हातात घ्यावा लागतो. अजून एक, मेंढीच्या लोकरीत लॅनोलिन नावाचं मेण असतं ते यात जवळजवळ नसतंच, म्हणून ज्यांना मेंढीची लोकर सोसत नाही त्यातल्या बऱ्याच जणांना हा चालतो.

आता धुण्याचं. आमच्या इथे लॉन्ड्रीवाल्याला दाखवला तर तो म्हणाला, "ताई, ड्रायक्लीन करून देतो, पण सैल पडला तर मला बोलायचं नाही." मी तिथूनच परत आणला. मी ईझी वापरते, म्हणजे लोकरीच्या कपड्यांसाठीचं लिक्विड, अर्धा टब पाण्यात अर्धं झाकण, बास. नेहमीची कपड्यांची पावडर नको कारण तिच्यात सोडा असतो, शिवाय डाग काढायला एन्झाइम घातलेले असतात आणि लोकर म्हणजे शेवटी प्रोटीनच, ती त्यांनी खराब होते. ब्लीच तर लांबच ठेवा. घोडबंदर रोडवर ज्यांच्याकडे टँकरचं जड पाणी येतं त्यांनी वडीच्या साबणाने तर धुवूच नका, साबणाचा पांढरा थर लोकरीत बसतो आणि कितीही खळबळलं तरी निघत नाही, लिक्विडने तो त्रास होत नाही.

पाण्याचं एक नीट लक्षात घ्या, हे मला कुठल्याच लेबलवर सापडलं नाही. मे महिन्यात दुपारी आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चांगलं कढत येतं आणि लोकरीला ३० डिग्रीच्या वर नको असतं. त्याहून वाईट म्हणजे धुतलं कोमट पाण्यात आणि खळबळलं थंड पाण्यात, या झटक्याने आणि चोळण्याने लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून ती आटते आणि घोंगडीसारखी जाड होते, मग काही इलाज नाही. म्हणून मी आदल्या रात्रीच सगळ्या बादल्या भरून ठेवते म्हणजे सगळं पाणी एकाच तापमानाचं. स्वेटर उलटा करून पाण्यात बुडवायचा, हलक्या हाताने दाबायचा, दहा मिनिटं ठेवायचा, चोळायचं नाही, ब्रश नाही, नळाच्या धारेखाली तर धरायचाच नाही. फेस जाईपर्यंत बादल्या बदलायच्या.

बाहेर काढताना खांद्याला धरून उचलू नका हो! अल्पाका खूप पाणी पितो आणि मेंढीच्या लोकरीसारखी कुरळी स्प्रिंग यात नसते, त्यामुळे पाण्याच्या वजनाने बाही जी लांबते ती आपणहून परत जात नाही. दोन्ही हात खालून घालून लहान बाळाला काढतात तसा काढायचा. न पिळता टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळायचा आणि गुंडाळीवर दाब द्यायचा, टॉवेल ओला झाला की दुसरा घ्यायचा. धुण्याआधी टेपने छाती, लांबी आणि बाही मोजून ठेवा आणि ओला असतानाच त्या मापात हाताने बसवा. खालची पट्टी आणि मनगटाची पट्टी बोटांनी जवळ ओढून घ्यायची, वाळल्यावर ती तशीच राहते.

दांडीवर टाकायचा नाही. मी जाळीच्या घडीच्या स्टँडवर आडवा पसरते, सावलीत, वर पंखा फुल. हिवाळ्यात एका दिवसात वाळतो. जुलैमध्ये दोन दिवस जाऊनही काखेत आणि पट्टीत ओल राहते आणि कुबट वास येतो, म्हणून पावसाळ्यात धुणं काढूच नका. तशीही याला सारखी धुण्याची गरज पडत नाही, घातल्यावर रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवला की ताजा होतो. मी फेब्रुवारी संपता संपता धुते, म्हणजे कपाटात स्वच्छ जातो, कारण घामाचे आणि जेवणाचे डाग असले की कसर आधी तिथेच लागते.

हँगरला लावू नका, घडी करा. प्लास्टिकच्या पिशवीत आपल्या दमट हवेत बुरशी धरते, जुन्या धुतलेल्या सुती साडीत किंवा उशीच्या अभ्र्यात ठेवा. डांबरगोळ्या लोकरीला टेकतील अशा टाकायच्या नाहीत, कापडात बांधून कोपऱ्यात. पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये काढून झटकून वारा द्यायचा आणि शिवणी, कॉलर उलटून बघायच्या, कसरीच्या अळ्या अंधाऱ्या घडीतच असतात.

तक्रार म्हणाल तर काखेत आणि जिथे पर्सचा पट्टा घासतो तिथे बारीक गोळे येतात, ते ओढू नका, कात्रीने कापा. कोपरं थोडी सैल पडतात पण पुढच्या धुण्यात माप देऊन बसवली की जागेवर येतात. पाचपैकी साडेचार. वॉशिंग मशीनशिवाय काहीच न धुणाऱ्यांनी मात्र हे पैसे घालू नयेत, त्यांना साधा ॲक्रिलिक बरा.