शेगडी घेण्याआधी भांड्यांचं कपाट उघडा

फ्रिजच्या दारावरचं एखादं चुंबक काढा आणि घरातल्या सगळ्या भांड्यांच्या बुडाला एकेक करून लावून बघा. ज्यांना ते घट्ट चिकटतं ती भांडी एका बाजूला ठेवा, ज्यांवरून घसरून पडतं ती दुसऱ्या बाजूला. पाच मिनिटांचं काम आहे, पण नव्या स्वयंपाकघरासाठी गॅस घ्यावा, इंडक्शन की इन्फ्रारेड, या प्रश्नाचं निम्मं उत्तर ओट्यावरच्या या दोन ढिगांत मिळतं. दुकानात गेलं की नेमका उलटा क्रम होतो. आधी शेगडी आवडते, मग तिच्यासाठी भांडी घ्यावी लागतात आणि मग लक्षात येतं, की भिंतीतला सॉकेटही बदलायला हवा.

आमच्याकडे असंच झालं. इंडक्शन घरी आलं तेव्हा रोजच्या वापरातल्या अकरा भांड्यांपैकी चारच त्यावर चालली. आईची जाड बुडाची ॲल्युमिनियमची पातेली, तांब्याच्या बुडाचं भांडं, गोल बुडाची कढई, यातलं काहीही ठेवलं की शेगडी टूं-टूं करून बंद व्हायची. त्यात माझं आणखी एक चुकलं. फ्रिजशेजारच्या साध्या, लहान सॉकेटमध्येच मी ती शेगडी लावली होती. तिसऱ्या आठवड्यात प्लास्टिक जळल्याचा वास आला. प्लग ओढून काढला तेव्हा त्याची एक पिन काळी पडली होती आणि सॉकेटचं भोक कडेने तपकिरी झालं होतं. २३० व्होल्टवर २००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर करंट घेते. ६ अँपिअरच्या सॉकेटला तो झेपणारच नाही. तिला १६ अँपिअरचा सॉकेट, पुरेशी जाड वायर आणि नीट अर्थिंग लागतं. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. म्हणून खरेदीच्या यादीत इलेक्ट्रिशियनला सगळ्यात वर ठेवा.

आता तिन्ही शेगड्या शेजारी शेजारी ठेवून बघू.

इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह फिरतो, त्यामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि भांड्याच्या बुडातच उष्णता निर्माण होते. काच स्वतः तापत नाही, ती भांड्यामुळे तापते. म्हणूनच बुडाला चुंबक धरणारा धातू लागतो. स्टील म्हटलं की ते चालणारच असं नाही. निकेल असलेल्या चांगल्या स्टीलला, म्हणजे ज्यावर १८/८ किंवा ३०४ लिहिलेलं असतं त्याला, चुंबक सहसा चिकटत नाही. त्याच्या बुडाला वेगळा चुंबकीय थर दिलेला असेल तरच ते भांडं चालतं.

गॅसचं काम सरळ आहे. ज्योत भांड्याला तापवते, पण बरीचशी उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते. उन्हाळ्यात ओट्यासमोर उभं राहिलं की ती अंगाला जाणवते. इन्फ्रारेड या दोहोंच्या मधलं आहे. काचेखालची तार लालबुंद होते, ती काचेला आणि भांड्याला तापवते. चुंबकाची अट नसल्याने ॲल्युमिनियम, तांबं, उष्णता सोसणारी काच, काहीही चालतं. फक्त बूड सपाट हवं.

खर्चाचा हिशोब प्रत्येकाने आपापल्या दराने करावा, त्यासाठी लागणारे आकडे देते. २५ अंशांचं १ लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता पाण्यात जावी लागते. इंडक्शनमध्ये खर्च झालेल्या विजेपैकी साधारण ८५ टक्के भांड्यात उतरते, त्यामुळे ०.१ युनिटच्या आसपास वीज लागते आणि २००० वॅटवर तीन मिनिटांत पाणी उकळतं. गॅसवर हे प्रमाण बर्नर, भांड्याचा आकार आणि ज्योत किती मोठी ठेवली यानुसार खूप बदलतं. निम्मी उष्णता भांड्यात गेली असं धरलं तर त्याच लिटरभर पाण्याला १४ ग्रॅमच्या आसपास एलपीजी लागतो. याचाच अर्थ १ किलो एलपीजीचं काम इंडक्शनवर साधारण साडेसात युनिटमध्ये होतं. बर्नर चांगला असेल आणि भांडं रुंद असेल, तर नऊ युनिट धरा. आता विजेचं बिल आणि गॅसची पावती शेजारी ठेवा. साडेसात ते नऊ युनिटचे पैसे १ किलो गॅसपेक्षा कमी होत असतील तर इंडक्शन स्वस्त, जास्त होत असतील तर गॅस. बिलात युनिटचा दर टप्प्याटप्प्याने वाढत असेल, तर वरच्या टप्प्याचा दर धरा, कारण ही वीज आधीच्या वापरात भर म्हणून पडणार आहे. इन्फ्रारेडला इंडक्शनपेक्षा जास्त वीज लागते, कारण ती आधी स्वतःची काच तापवते.

पण रोज स्वयंपाक करणाऱ्याला पैशांइतकाच आच हातात असण्याचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि माहितीपत्रकं नेमकी इथेच गप्प असतात.

गॅसची ज्योत डोळ्यांना दिसते. बटण केसभर फिरवलं की ती केसभर कमी होते. इंडक्शनही मोठ्या आचेवर तितकंच चपळ असतं, बंद केलं की उकळी तिथल्या तिथे बसते. अडचण मंद आचेला येते. स्वस्त इंडक्शनमध्ये ३०० वॅट निवडलं तरी शेगडी सतत ३०० वॅट देत नाही. ती काही सेकंद जोरात चालते, काही सेकंद पूर्ण थांबते आणि दोहोंची सरासरी ३०० वॅट निघते. दूध ठेवून बघा. कडेला बुडबुडे धावत येतात, शांत होतात, पुन्हा धावून येतात. पाणी असेल तर काही बिघडत नाही, पण घट्ट रस्सा किंवा दुधाचा पदार्थ मंद आचेवर ठेवला, तर त्या जोराच्या सेकंदांत बुडाशी करपतो. महाग शेगड्यांमध्ये कमी आच सलग मिळते. माझ्या मते इंडक्शनवर जास्त पैसे मोजायचे असतील तर ते फक्त यासाठी मोजावेत. आठ मेन्यू, टच पॅनेल, रंगीत दिवे यांनी स्वयंपाकात काही फरक पडत नाही. इन्फ्रारेडची अडचण वेगळीच. ती तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही काच बराच वेळ गरम राहते. उतू जाणारं दूध बटण दाबून थांबत नाही, भांडंच उचलावं लागतं.

इंडक्शनची दुसरी उणीव कॉइलच्या आकाराची. साध्या एका शेगडीच्या इंडक्शनमधली कॉइल रुंद पॅनच्या बुडापेक्षा बरीच लहान असते. कोरड्या पॅनमध्ये पिठाचा पातळ, सारखा थर पसरा आणि मध्यम आचेवर ठेवा. थोड्याच वेळात पिठात एक तपकिरी कडं उमटेल, त्याच्या बाहेरचं पीठ पांढरंच राहील. तेवढ्याच भागाला उष्णता मिळते आहे. मोठ्या कुटुंबासाठी रुंद भांड्यात शिजवायचं असेल, तर कॉइलचा व्यास विचारल्याशिवाय शेगडी घेऊ नका.

सुरक्षेच्या बाबतीत इंडक्शन पुढे आहे, यात मला शंका नाही. ज्योत नाही, गळती नाही, भांडं उचललं की शेगडी थांबते. लहान मुलं किंवा विसरभोळी झालेली वडीलधारी माणसं घरात असतील तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करतो. एक अपवाद लक्षात ठेवा. घरात कुणाला पेसमेकर असेल, तर चालू इंडक्शनपासून साधारण ६० सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगतात. खरेदीआधी डॉक्टरांना विचाराच.

गॅस घेणार असाल तर वाऱ्याची सोय आधी बघा. ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि ज्वलन नीट होत नसेल तर कार्बन मोनॉक्साइडही. निळी ज्योत पिवळी पडू लागली की बर्नर साफ करायला हवा. चिमणी घेताना पाइपने हवा घराबाहेर सोडणारीच घ्या. कोळशाच्या फिल्टरमधून हवा फिरवून पुन्हा खोलीत सोडणारी चिमणी वास आणि तेलकटपणा कमी करते, पण कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ तिच्याने अडत नाही. गळतीचा अलार्म लावणार असाल तर गॅस कोणता ते आधी बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो, म्हणून अलार्म जमिनीजवळ हवा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, तो छताकडे जातो. दोन्हींचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक छिद्रं, तीही वेगळी असतात. सिलिंडरची शेगडी जेट बदलल्याशिवाय पाइपच्या गॅसला जोडू नका.

आता भांडी. शेगडी दहा वर्षांत बदलली जाईल, चांगलं भांडं पुढच्या पिढीकडे जाईल. म्हणून बजेट कमी असेल तर शेगडी साधी घ्या आणि भांड्यांवर खर्च करा. उष्णता सगळीकडे सारखी पसरवण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम फार पुढे आहेत. ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या जवळजवळ पंधरापट चांगलं उष्णतावाहक आहे. नुसत्या पातळ स्टीलच्या भांड्यात मधोमध करपतं ते म्हणूनच. ट्रायप्लाय म्हणजे स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर पुन्हा चुंबकीय स्टील. तिन्ही शेगड्यांवर चालतं आणि कडेपर्यंत सारखं तापतं. एकच चांगलं भांडं घ्यायचं असेल तर मी हेच घेईन. बिडाची भांडी इंडक्शनवर उत्तम चालतात, फक्त हळूहळू तापवा आणि काचेवरून ओढू नका, उचलून ठेवा. नॉनस्टिक घ्यायचं तर एखादंच, आणि तेही मंद आचेसाठी. त्याचा थर २६० अंशांच्या वर गेला की खराब होऊ लागतो, आणि इंडक्शनवर रिकामा पॅन तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. काही ॲल्युमिनियमच्या पॅनना बुडाला भोकाभोकांची स्टीलची चकती दाबून बसवलेली असते. चुंबक त्यांना चिकटतं, पण जेमतेम. अशी भांडी चालतात, पण चकतीपुरतीच तापतात.

मायक्रोवेव्ह, ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आणि एअर फ्रायर यांत थोडक्यात सांगायचं तर, उरलेलं गरम करायचं असेल तर साधा मायक्रोवेव्ह, नियमित बेकिंग करायचं असेल तर ओटीजी. एअर फ्रायर हा जोरदार पंख्याचा छोटा ओव्हनच आहे. एकदोघांसाठी सोयीचा, सहा माणसांच्या घरात चार वेळा लावावा लागेल. मायक्रोवेव्हच्या खोक्यावर दोन आकडे असतात. विजेचा वापर १२०० वॅट असला, तरी अन्नापर्यंत पोचणारी शक्ती ७००–८०० वॅटच असते. तुलना दुसऱ्या आकड्याची करा.

मी आता काय ठेवलं आहे तेही सांगते. दोन बर्नरचा गॅस आणि शेजारी एक इंडक्शन, स्वतंत्र १६ अँपिअरच्या सॉकेटवर. पाणी, कुकर, दूध तापवणं इंडक्शनवर; परतणं आणि गोल बुडाच्या कढईतलं सगळं गॅसवर. वीज गेली तर गॅस आहे, सिलिंडर संपला तर इंडक्शन आहे. एकटं राहणारं माणूस किंवा भाड्याचं घर असेल, तर नुसतं इंडक्शन आणि दोन ट्रायप्लाय भांडी पुरतात. वीज वारंवार जात असेल किंवा चुंबकाच्या परीक्षेत बहुतेक भांडी नापास झाली असतील, तर गॅसच ठेवा. इन्फ्रारेड मी तेव्हाच सुचवीन, जेव्हा गॅस मिळण्याची सोय नाही आणि ॲल्युमिनियमची भांडी सोडवत नाहीत.

दुकानात जाताना रोजच्या वापरातलं एक पातेलं पिशवीत घालून न्या. त्यात चार कप पाणी घालायला सांगा, उकळी आणा, मग सगळ्यात कमी आच निवडून दहा मिनिटं तिथेच उभे राहा. पाण्याचे बुडबुडे सलग येतात की थांबून थांबून, हे बघा. शेगडीच्या आतल्या पंख्याचा आवाज ऐका. पातेलं उचलून परत ठेवा आणि शेगडी आपोआप पुन्हा चालू होते का तेही पाहून घ्या.