गुहागर-हेदवीचा गाइडेड वॉक: पैसे वसूल, पण बुकिंगआधी तिथी बघा

गुहागरला एका घरगुती होमस्टेवाल्यांचा शनिवार-रविवारचा चालण्याचा प्रोग्रॅम असतो, त्यात हेदवीची बामणघळ (समुद्रकाठच्या खडकातली चीर), एक आगर (नारळ-सुपारीची वाडी), गुहागरचा किनारा आणि शेवटी अंजनवेलचा सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) एवढं होतं. माणशी ९०० रुपये, ग्रुप लहान. ब्लूटूथ स्पीकर आणायचा नाही, फोन सायलेंट आणि रील करायची तर थांबून करा असं पहिल्याच मेसेजमध्ये सांगतात. आमच्यातल्या एकाने त्यावर तोंड वाकडं केलेलं, नंतर तोच बाकीच्यांना शू शू करत होता.

सगळ्यात भारी भाग आगराचा. मला वाटलेलं नारळ-सुपारीत काय एवढं बघायचं, पण काकांनी (गाइड, तिथलेच, हे आगरही त्यांचंच) तिथे निवांत तासभर घालवला आणि कुणालाच घाई झाली नाही. वर माड, त्यांच्या सावलीत पोफळी, पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल, मध्येमध्ये जायफळ, खाली अननस नि अळू आणि सगळ्यांच्या मुळाशी पाटाचं पाणी. जायफळात नर झाड वेगळं, मादी वेगळं, बी लावून वर्षानुवर्षं पाणी घातलं आणि नर निघाला की बसा बोंबलत, म्हणून आता सगळे कलमंच लावतात, हे मला कुठे माहीत होतं! झाडावरच उकललेलं फळ दाखवलं, आत लालभडक जायपत्री. सालीचं लोणचं चाखायला दिलं, आम्ही लगेच बाटली घेतली.

संध्याकाळी किनारा. सुरूच्या बनातून बाहेर आलं की लांबच लांब वाळू, आणि त्यावर बारक्या खेकड्यांनी केलेल्या गोळ्यांची नक्षी. ते वाळू तोंडात घेऊन त्यातलं खायचं तेवढं काढून घेतात आणि उरलेल्याची गोळी करून टाकतात, भरती आली की सगळं साफ. वनखात्याने कासवांच्या अंड्यांसाठी जाळी लावून जागा राखलीय ती लांबूनच बघायची, पिल्लं बाहेर यायला साधारण दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे ‘कासवं दिसतील का’ म्हणून काकांच्या मागे लागू नका.

आता तक्रार. जाहिरातीत बामणघळीचा फोटो टाकलाय, खडकाच्या चिरेतून पाणी उंच उडालेलं. आम्ही पहाटे उठून हेदवीला पोचलो तर घळीत नुसतं घुळूक घुळूक. काका म्हणाले, "आज नवमी, भांग आहे, पाणी नाही उडायचं." (भांग म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराची कमी जोराची भरती.) मग बुकिंग घेताना का नाही सांगत? हिशोब किती सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे नवमीला पावणेसात, सकाळी आणि संध्याकाळीही. पण नुसती भरती असून भागत नाही, उधाण, म्हणजे मोठी भरती लागते, ती अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि तेव्हा भरती येते ऐन दुपारी बारा-दीडला. म्हणजे पाणी उडताना बघायचं तर टाळकं तापवून घ्यायची तयारी ठेवा, सकाळचा गारवा आणि उडतं पाणी दोन्ही मिळणार नाही. हे बुकिंगवाल्यांनी एका ओळीत लिहिलं असतं तर पुण्याहून आलेल्या त्या आजींचा एवढा विरस झाला नसता. एक स्टार त्याचाच कापलाय. जवळच उमामहेश्वराचं देऊळ आहे, तिथे मात्र बसायला फार छान वाटलं.

दुसऱ्या दिवशी अंजनवेल. वाशिष्ठीच्या मुखावर गोपाळगड, आणि किल्ल्याच्या आत चक्क आंब्याची कलमं! पलीकडच्या तीरावर दाभोळ, आणि अलीकडे तो वीजप्रकल्प, ज्याला अजूनही सगळे एन्रॉनच म्हणतात. तिथून टाळकेश्वरच्या दीपगृहाकडे गेलो. सड्यावर सावली अजिबात नाही, जांभा तापतो, टोपी आणि पाणी घ्याच. वरून काकांनी काकण घार दाखवली (पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड), बराच वेळ नुसती तरंगत होती, त्या वेळात कुणी एक शब्द बोललं नाही.

वयस्कर माणसं असतील तर हेदवीचे खडक वगळा, शेवाळावर पाय सरकतो, बाकी सगळं आरामात होतं. नाश्त्याला घावणे-चटणी मिळते, चहा गोडमिट्ट. ट्रेनने येणाऱ्यांनी चिपळूणला उतरा, दापोलीकडून गाडीने येत असाल तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी घालून या, बराच वळसा वाचतो. पाचपैकी चार.