चार टायर, त्यातला नवा एकच

माझ्या महिंद्रा थारला 'नवे कोरे ऑल-टेरेन' (डांबर आणि कच्चा रस्ता, दोन्हीला चालणारे) म्हणून जे चार टायर मी ५४ हजारांना घेतले, त्यातला खरोखर नवा निघाला एक. दुसरा जवळजवळ सात वर्षं कुठल्यातरी गोडाऊनमध्ये पडलेला माल होता. मागचे दोन तर रिमोल्ड. कुणीतरी झिजवून टाकलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं, वरून काळं पॉलिश मारायचं आणि नव्याच्या भावाने गळ्यात मारायचं, असा सगळा कारभार. पावसाळ्याच्या तोंडावर टायर बदलणारे पुष्कळ असतात, म्हणून सविस्तर लिहितोय. दुकानाचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. आणि नाव दिलं तरी उपयोग काय, हीच युक्ती दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या दुकानात चालते हे नंतर बऱ्याच जणांशी बोलल्यावर कळलं.

गाडी कराडला असते, शेत पाटणच्या वर कोयनेकडे. त्यामुळे महिन्यातला बराचसा प्रवास डांबरावरच, मग मुरमाचा रस्ता आणि शेवटी शेतातली काळी माती. कोकणात उतरायचं तर कुंभार्ली घाट. अशा वापराला ऑल-टेरेन ठीक पडतो. मोठ्या बटणांचे, म्हणजे रबराच्या जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे, मड-टेरेन (चिखलाचे टायर) दिसायला भारी, पण हायवेला घोंगावतात आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारला की त्यांची पकड कमी पडते. उलट काळ्या चिखलात ऑल-टेरेनची नक्षी भरून जाते आणि चाक जागेवर फिरतं. त्याला माझ्याकडे एकच इलाज आहे, शेजारच्याचा ट्रॅक्टर. तेव्हा टायर कुठला हवा याबद्दल माझ्या मनात गोंधळ नव्हता. गाडीच्या जुन्याच मापाचा, २४५/७५ आर १६, लोड इंडेक्स १११ किंवा त्याच्या वरचा. १११ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त १०९० किलो.

पुण्यातल्या दुकानदाराने सुरुवातीला माप वाढवायचाच आग्रह धरला. "२६५ टाका दादा, गाडी उठून दिसेल." हिशोब केला तर २६५/७५ आर १६ चा व्यास जुन्या टायरपेक्षा जवळजवळ चार टक्के जास्त. मीटरवर १०० दिसताना गाडी १०४ ने पळणार, पिकअप कमी होणार आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर घासायची शक्यता वेगळीच. नको म्हटलं. मग त्याने 'कंटेनरचा इम्पोर्टेड माल' दाखवला. त्यावर आयएसआयचा शिक्का नव्हता. आपल्याकडे कारच्या टायरला, बाहेरून आलेल्यालासुद्धा, हा शिक्का आणि त्याच्यासोबत सीएम/एल असा परवाना क्रमांक सक्तीचा आहे, आणि जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवरही निर्बंध आहेत. तेही नको म्हटलं. तेव्हा तो हसून म्हणाला, "तुम्हाला माहिती आहे सगळं." आणि आतून एका नावाजलेल्या कंपनीचा ऑल-टेरेन टायर आणून पुढ्यात उभा केला.

तो टायर अस्सल होता. कोऱ्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस, कंपनीचं स्टिकर, आयएसआय, सगळं जागच्या जागी. बाजूवरच्या लंबगोल चौकटीत शेवटचे चार आकडे ११२४. म्हणजे २०२४ सालचा अकरावा आठवडा, साधारण मार्चचा मधला काळ. खरेदी जूनमधली. याहून ताजा माल कुठे मिळणार? (या आकड्यांत आधी आठवडा असतो आणि मग वर्ष. 'शून्य आठ म्हणजे ऑगस्ट' असं ठोकून देणारे दुकानदार भेटतात, त्यांना '३८ म्हणजे कुठला महिना?' असं विचारावं.) भाव नगाला साडेतेरा हजार, फिटिंग आणि बॅलन्सिंगसह (बॅलन्सिंग म्हणजे चाक थरथरू नये म्हणून रिमला छोटी वजनं लावणं). कंपनीच्या शोरूममध्ये सोळाच्या आसपास सांगत होते. फरक कशाचा, तर जीएसटीचा. तेव्हा टायरवर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय, पण 'पक्कं बिल कशाला' हे वाक्य काही स्वस्त झालेलं नाही. माझे उतरलेले टायर तो नगाला दीड हजाराने ठेवून घेणार होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाकीचे तीन नग गोडाऊनमधून टेम्पोने आले. गाडी जॅकवर चढली, आणि मालकाने मला काउंटरवर बोलावलं. चहा आला. क्यूआर स्कॅन करायचा होता, तो काही केल्या होईना. मग दुसरा क्यूआर आला, तो कुणाच्या तरी वैयक्तिक नावाचा. माझा फोन नंबर, गाडीचा नंबर, गाव, 'कराडला आमचे मामा असतात' इथपर्यंत गप्पा. अख्खा खेळ होतो तो एवढ्या वेळात. बाहेर आलो तेव्हा चारही चाकं चढलेली, चकाचक काळी, आणि एक पोरगा गाडीभोवती फिरून दुकानासाठी रील काढत होता.

यातली मेख अशी. तारखेचे चार आकडे बहुतेक टायरवर एकाच बाजूला असतात. दुसऱ्या बाजूला नुसता कोड असतो, तारीख नसते. ऑल-टेरेनची नक्षी सहसा दोन्ही अंगांनी सारखीच, त्यामुळे टायर उलटा बसवला तरी डोळ्याला काहीही खटकत नाही. माझ्या गाडीला दुकानाच्या दारासमोर जे पुढचं डावं चाक होतं, त्याच्या बाहेरच्या अंगावर ११२४ ठळक दिसत होतं. उरलेल्या तिन्हींची तारखेची बाजू आत, चासीकडे. ती बघायची तर चाक खोलावं लागतं किंवा गाडीखाली टॉर्च घेऊन आडवं व्हावं लागतं. दारात उभं राहून पैसे दिलेला कोण माणूस ते करतो?

परतताना हायवेला सत्तर-ऐंशीच्या मध्ये गाडी थरथरायला लागली. दुकानात फोन केला तर "नवीन टायर आहेत, थोडे बसू द्या." कराडात पुन्हा बॅलन्सिंग केलं; मागच्या दोन्ही रिमना वजनांची रांगच लागली, तरी मशीनवर आकडा शून्यावर येईना. पहिल्या पावसात घाटात उतरताना मागची बाजू दोनदा सरकली. मग मागच्या डाव्या चाकातली हवा हळूहळू कमी व्हायला लागली आणि मी पाटणच्या अलीकडे अण्णांच्या दुकानात थांबलो. अण्णा मूळचे केरळचे, पण इतकी वर्षं झालीत की आता त्यांची मराठी आमच्यापेक्षा जास्त साताऱ्याची.

त्यांनी टायर रिमवरून उतरवला, आत हात घातला आणि माझ्याकडे बघत राहिले. "ह्यो दोनदा पंक्चर झालाय. आतनं दोन जुनी पॅचेस हायत. नवा कसा म्हणताय?" मीही आत हात घातला. दोन चौकोनी ठिगळं, कडांना सुकलेलं सोल्युशन. हवा त्यातल्याच एकाच्या कडेने जात होती. मग त्यांनी माझं बोट धरून टायरच्या खांद्यावरून, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथून, फिरवलं. पॉलिशखाली एक बारीक कंगोरा सलग लागत होता. नव्या रबराचा पट्टा जिथे जुन्या सांगाड्याला चिकटवला, तो जोड. नक्षीवर रबराचे कोवळे केस आणि बाजूवर मात्र कुठल्यातरी फुटपाथला घासल्याचे ओरखडे, हे दोन्ही एकाच टायरवर. रॉकेलच्या बोळ्याने पुसल्यावर बाजूवरचं मॉडेलचं नाव जिथे असायला हवं तिथे ग्राइंडरचा पट्टा दिसला. एका अक्षराची शेपटी तेवढी उरली होती. आणि आतल्या अंगावरची तारखेची चौकट खरवडून सपाट केलेली.

मग सगळीच चाकं खाली घेतली. मागचं उजवंही तसंच. पुढच्या उजव्यावर मात्र काही खरवडलेलं नव्हतं, आकडे स्वच्छ होते: ३८१७. सप्टेंबर २०१७.

या टायरबद्दल दुकानदार फोनवर अगदी आत्मविश्वासाने भांडला. "वापरलाय का तो? नाही ना? मग नवाच." ऐकायला पटतं, पण रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करत जातात. टायरमध्ये मेणासारखं एक रसायन घातलेलं असतं, चाक फिरताना रबर चेपतं-सुटतं तसं ते पृष्ठभागावर येऊन संरक्षण करतं; गोडाऊनमध्ये निपचित पडलेल्या टायरचं तेही नीट होत नाही. या टायरच्या बटणांच्या बुडाशी केसासारख्या चिरा होत्या, आणि ११२४ वाल्या टायरवर नख दाबलं तर जेवढं रुतायचं तेवढं याच्यावर रुतत नव्हतं. मोठ्या टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षांच्या पुढे, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, वापरू नका. म्हणजे दहातली सात वर्षं दुकानदाराने आधीच खाऊन मग मला पूर्ण किमतीत विकली होती.

रिमोल्डबद्दल एक खुलासा, नाहीतर कुणीतरी भांडायला येईल. रिमोल्ड करणं हा काही गुन्हा नाही. ट्रकवाले करतात, एसटी महामंडळ स्वतःच्या कारखान्यात करतं, विमानांच्या टायरवरसुद्धा पुन्हा रबर चढवतात. ऑफ-रोडच्या शर्यतीतले काही जण मुद्दाम रिमोल्ड बटण टायर घेतात, कारण दगडात फाडायचेच असतात तर स्वस्तातले बरे. ते सांगून, पावतीवर लिहून, निम्म्या किमतीत विकतात. मला विकले त्यांचा सांगाडा किती जुना, आतल्या तारा कुठे गंजल्यात, कुणालाच माहीत नाही, आणि मी ते भरल्या गाडीनिशी खंबाटकी घाटातून शंभराच्या वेगाने उतरवले असते. तापलेल्या टायरचा वरचा पट्टा सुटतो तेव्हा तो आधी पत्र देऊन सुटत नाही.

दुकानदाराचा पुढचा पवित्रा मात्र ऐकण्यासारखा होता. "हे टायर आमचे नाहीतच. तुम्ही कुठेतरी बदललेत." हातात काय होतं माझ्या? एक कच्ची चिठ्ठी, 'टायर ४ नग, फिटिंगसह'. ब्रँड नाही, माप नाही, सीरियल नंबर नाही. क्यूआरचे पैसे गेले ते एका व्यक्तीच्या खात्यात. कच्चं बिल देण्यामागे कर वाचवणं हे निमित्त असतं. विकलेली वस्तू कुठली हे नंतर सिद्धच होऊ नये, हा खरा फायदा. टायरवरचा पूर्ण कोड बिलावर असता तर तो हे वाक्य बोलूच शकला नसता.

त्याला गोत्यात आणलं ते त्याच्याच रीलने. पोरग्याने गाडीभोवती फिरून काढलेलं ते रील दुकानाच्या पानावर तसंच होतं, वर हिंदी गाणं, खाली माझा नंबर प्लेट. मागच्या चाकावर कॅमेरा थांबतो तिथे बाजूवरचा ग्राइंडरचा पट्टा पॉलिशखालीही ओळखू येतो. ते लगेच डाउनलोड करून घेतलं, व्हॉट्सअॅपवरचं भावाचं बोलणं आणि त्याने पाठवलेला ११२४ वाल्या टायरचा फोटो जोडला. टायर कंपनीला बाजूंचे फोटो मेल केले. त्यांनी कळवलं की सांगाडा आमच्याच हायवे टायरचा आहे, वरची नक्षी आमची नाही. ते उत्तर कागदावर मिळालं हे फार बरं झालं.

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन मध्यस्थी करते, समोरच्याने उत्तरच दिलं नाही तर त्याच्यावर सक्ती करू शकत नाही. या गृहस्थांनी दिलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. नोटीस गेल्यावर दुकानदाराचा फोन आला, "दादा, आपसात मिटवू, दोन टायर बदलून देतो." कुठून आणून देणार होता, देव जाणे. नाही म्हणालो. तारखा चालू आहेत. ते तिन्ही टायर माझ्या गोठ्याच्या मागे ताडपत्रीखाली आहेत, कारण पुरावा म्हणून लागतील.

नवे तीन टायर नंतर कराडातच घेतले. मशीनवर चढण्याआधी तिघांचे कोड मी मोठ्याने वाचले आणि दुकानदाराने ते पक्क्या बिलावर लिहिले, तारखेची बाजू बाहेर ठेवून बसवले. फिटिंग करणारा पोरगा वैतागला होता, पण मालकाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शक्य असेल तर फिटिंग होईपर्यंत गाडीपाशीच उभं राहा, चहा तिथेच मागवा.

राहिले माझे जुने चार टायर, जे पहिल्या दुकानदाराने दीड हजाराने ठेवून घेतले होते. त्यांची नक्षी संपत आली होती, तरी सांगाडा चांगला होता. अण्णांना विचारलं, एवढा भाव कशाला देतो तो? ते म्हणाले, "मग तुमच्या मागच्या चाकाचा सांगाडा आला कुठनं?" आता घरातल्या कुठल्याही गाडीचे टायर उतरवले की देण्याआधी बाजूला ड्रिलने आरपार भोक पाडतो. अशा टायरला दीड हजार कुणी देत नाही, भंगारवाला किलोवर घेऊन जातो.