आठ महिन्यांत बावीस मैल

हिशेब केला तर ही गाडी आठ महिन्यांत जेमतेम बावीस मैल पूर्ण दाबून पळाली. बाकीचा वेळ ती ट्रेलरवर, रांगेत नाहीतर जॅकवर होती.

मे महिन्यात घेतलेली ही पहिल्या पिढीची मझदा मियाटा, म्हणजे दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. १.६ लिटरचं इंजिन. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), रोलकेज (गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), अग्निशामक हे सगळं आधीच्या मालकानं बसवलेलं होतं. मित्र आणि मी, दोघांत एक. कॅलिफोर्नियातल्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर तीन वेळा आणि ऑगस्टमध्ये युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, सरळ रेषेतला वेग मोजणाऱ्या स्पीड वीकमध्ये सहा वेळा पळवली.

एल मिराजचा पट्टा १.३ मैलांचा. धूळ इतकी, की पुढची गाडी गेल्यावर ती बसेपर्यंत थांबावं लागतं. तिथे गाडी झकास वाटली. पट्टा आखूड असल्यामुळे तिचे दोष दिसायच्या आत धाव संपायची, हे नंतर कळलं.

बॉनव्हिलला सगळं उघडं पडलं. जागा सुमारे ४२०० फूट उंचीवर, त्यात ऑगस्टचं ऊन, म्हणजे हवा विरळ. टर्बोनं ती कसर भरून काढली, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिसऱ्या गियरला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) चढला की मागची चाकं मीठ उकरायला लागायची. आत बसून हे कळतही नाही. इंजिन मस्त ओरडतंय, काटा चढतोय, आपण खूश! संध्याकाळी लॉगर (धावेची नोंद ठेवणारं यंत्र) उघडला तर चाकांचा वेग ताशी १४९ मैल आणि जीपीएसचा १३७. बारा मैल नुसते मिठात गेले.

शेजारच्या तंबूतल्या पिकल्या मिशांच्या गृहस्थांनी तो आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "मागे वजन किती घातलंय?"

वजन? आम्ही तर गाडी हलकी करायची म्हणून गालिचेसुद्धा उपटून टाकले होते. वळणाच्या ट्रॅकवरचं डोकं, दुसरं काय! इथे ना वळण, ना घाई. वेग घ्यायला दोन मैल मोकळे असतात, मग वजनानं फारसं बिघडत नाही. अडवते ती हवा, आणि हवेला रेटायला चाकानं जमीन धरावी लागते. त्यांच्याकडच्या ८० किलो लोखंडी पट्ट्या मागच्या ॲक्सलच्या वर बोल्टनं आवळल्या, तपासनिसांना दाखवून सही घेतली. दुसऱ्या दिवशी १४३. इंजिनाला हातही लावला नव्हता. १३० वरून १४० ला जायचं तर ताकद जवळपास पाव पट जास्त लागते, त्या मानानं हे लोखंड फुकटच म्हणायचं.

विक्रमाचं नाव काढू नका. आधी पात्रता, म्हणजे चालू विक्रमाहून वेगवान एक धाव, मग गाडी रात्रभर राखीव आवारात, सकाळी दुसरी धाव आणि दोन्हींची सरासरी. ते आवार आम्ही बाहेरूनच पाहिलं.

मोठी कुरकुर एकच. टर्बोची हवा घ्यायची नळी आधीच्या मालकानं मडगार्डच्या मागे सोडलेली. चौथ्या धावेत इंजिन गुदमरलं. फिल्टर काढला तर भिजलेल्या मिठाचा लगदा, बोट घातलं तर बोटाचा ठसा उमटला! नळी वर घेतली, त्रास संपला. घेणाऱ्यानं हे आधी बघावं.

मिठाचं मात्र पुसून झालं असं होत नाही. चाकांच्या वर ते सिमेंटसारखं वाळतं. तीनदा धुऊनही नोव्हेंबरमध्ये अर्थिंगची तार हिरवी निघाली. आणि सनस्क्रीन नाकाच्या खालूनही लावा. ऊन जमिनीवरूनही येतं. मी हनुवटी भाजून घेतली.

मित्र परवा म्हणाला, विकून टाकूया. मी आणखी ४० किलोच्या पट्ट्या कापून आणल्यात, ते त्याला अजून सांगितलेलं नाही.