केमो आणि ऑपरेशन: उलटीचं कोणतं औषध कधी घ्यायचं

केमोच्या डे-केअरमधून घरी जाताना बहुतेक पेशंटच्या पिशवीत ऑन्डॅनसेट्रॉन या उलटी थांबवणाऱ्या गोळीची पट्टी असते. पित्ताशयाचं ऑपरेशन करून घरी जाणाऱ्याच्या पिशवीतही बऱ्याचदा तीच असते. गोळी एकच, पण दोन्ही ठिकाणचं दुखणं वेगळं आहे. ऑपरेशननंतरच्या उलट्या बहुधा पहिल्या २४ तासांत आटोपतात. केमोची मळमळ मात्र चार-पाच दिवस टिकू शकते, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं कारणही बदलतं. म्हणून कोणतं औषध जास्त जोरदार, यापेक्षा ते कोणत्या दिवसासाठी आहे हे आधी बघा.

पहिला दिवस: ऑन्डॅनसेट्रॉन की पॅलोनोसेट्रॉन?

केमोच्या औषधांनी आतड्याच्या अस्तराला इजा होते, तिथून सिरोटोनिन हे रसायन सुटतं आणि उलटीचा निरोप मेंदूकडे जातो. ही दोन्ही औषधं तो निरोप अडवतात. फरक टिकण्यात आहे. ऑन्डॅनसेट्रॉनचं शरीरातलं प्रमाण साधारण ३ ते ६ तासांत निम्मं होतं, म्हणून ८ मि.ग्रॅ.ची गोळी दिवसातून दोन-तीनदा लागते. पॅलोनोसेट्रॉनला त्यासाठी सुमारे ४० तास लागतात. त्यामुळे केमोआधी शिरेतून ०.२५ मि.ग्रॅ. एकदा दिलं की पुरतं.

पॅलोनोसेट्रॉन दिलेल्या पेशंटच्या कागदावर पुढच्या दोन-तीन दिवसांसाठी ऑन्डॅनसेट्रॉनही लिहिलेलं दिसलं, तर ते कशासाठी हे विचारा. दोन्ही एकाच गटातली आहेत. फायदा फारसा वाढत नाही, बद्धकोष्ठता आणि डोकेदुखी मात्र वाढते. खडा धरलेल्या पोटामुळेही मळमळतं, मग आणखी गोळी घेतली जाते आणि पोट आणखी जड होतं.

दुसरा ते पाचवा दिवस: अ‍ॅप्रिपिटंट की ओलान्झापिन?

या दिवसांत सिरोटोनिनचा वाटा कमी होतो आणि मेंदूतल्या ‘सबस्टन्स पी’ या रसायनाचा वाढतो. "काल गोळी लागू पडली, आज पडत नाही" याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

अ‍ॅप्रिपिटंट याच रसायनाला अडवतं. तीन कॅप्सूल असतात: पहिली १२५ मि.ग्रॅ.ची, केमोच्या तासभर आधी, आणि पुढचे दोन दिवस सकाळी ८० मि.ग्रॅ.ची एकेक. पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या दोन ठेवून देऊ नका, त्रासाचे दिवस तेव्हाच सुरू होतात. हे औषध महाग आहे आणि इतर औषधांच्या कामात ढवळाढवळ करतं. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम ते कमी करतं, म्हणून शेवटच्या कॅप्सूलनंतर महिनाभर दुसरा उपायही वापरावा लागतो. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर सात ते दहा दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं हे, तपासावं लागतं.

ओलान्झापिन स्वस्त आहे, आणि नुसत्या मळमळीवर ते अ‍ॅप्रिपिटंटपेक्षा सरस आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. गूगलवर ‘स्किझोफ्रेनियाचं औषध’ असं वाचून काही घरांत ते गुपचूप बाजूला ठेवलं जातं. तसं करू नका. इथे ते थोड्या मात्रेत आणि बहुधा चारच दिवस दिलं जातं. खरी अडचण झोपेची आहे. १० मि.ग्रॅ.वर पेशंट दिवसभर पेंगतो, आणि वयस्कर माणूस रात्री बाथरूमला जाताना पडू शकतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत २.५ मि.ग्रॅ.ची मात्रा १० मि.ग्रॅ.इतकीच उपयोगी ठरली, आणि दिवसाची झोप कमी झाली. तेव्हा "कमी मात्रेने भागेल का?" हे डॉक्टरांना जरूर विचारा. गोळी रात्री झोपताना घ्यायची.

सिस्प्लॅटिनसारख्या जास्त उलट्या आणणाऱ्या केमोत निवड ‘हे की ते’ अशी नसते. चारही गटांची औषधं एकत्र देतात: पॅलोनोसेट्रॉन किंवा ऑन्डॅनसेट्रॉन, अ‍ॅप्रिपिटंट, ओलान्झापिन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. खर्च झेपत नसेल तर अ‍ॅप्रिपिटंट वगळून ओलान्झापिन, पॅलोनोसेट्रॉन आणि डेक्सामेथासोन हा मान्य पर्याय आहे.

डेक्सामेथासोन

हे स्टेरॉइड इतरांचा जोर वाढवतं. अ‍ॅप्रिपिटंटमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, म्हणून पहिल्या दिवशी २० ऐवजी १२ मि.ग्रॅ. देतात. सकाळी नाश्त्यानंतर घ्या, संध्याकाळी घेतलं तर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मधुमेह असेल तर फक्त उपाशीपोटीची साखर बघून निर्धास्त होऊ नका. सकाळच्या डोसनंतर साखर दुपारी-संध्याकाळी चढते, तेव्हा जेवणानंतर दोन तासांनीही तपासा.

ऑपरेशनच्या वेळी

भूलतज्ज्ञ चार गोष्टी मोजतात: पेशंट स्त्री आहे, धूम्रपान करत नाही, आधी भुलीनंतर उलट्या झाल्यात किंवा गाडी लागते, आणि ऑपरेशननंतर मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं लागणार आहेत. एकही नसेल तर उलट्यांची शक्यता १० टक्के, चारही असतील तर ८० टक्के. घाटात गाडी लागते ही गोष्ट क्षुल्लक समजून बायका सांगतच नाहीत. ती भूल देण्याआधी सांगाच.

इथे डेक्सामेथासोन (४ ते ८ मि.ग्रॅ.) भुलीच्या सुरुवातीला देतात, कारण त्याचा परिणाम सावकाश होतो. ऑन्डॅनसेट्रॉन ४ मि.ग्रॅ. शेवटी देतात, म्हणजे शुद्धीवर येताना ते जोरात असतं. तरीही पहिल्या सहा तासांत उलटी झाली, तर तेच पुन्हा देण्यात अर्थ नसतो, दुसऱ्या गटाचं औषध लागतं. केमोतही नियम हाच.

एकत्र नको

सर्वात जास्त नजरेआड होतं ते ‘अ‍ॅसिडिटीच्या’ कॅप्सूलमधलं औषध. पॅन-डी मधला ‘डी’ म्हणजे डॉमपेरिडोन हे उलटीचंच औषध, एका कॅप्सूलमध्ये ३० मि.ग्रॅ. डॉमपेरिडोन आणि ऑन्डॅनसेट्रॉन ही दोन्ही हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम उतरलेलं असताना, किंवा सिस्प्लॅटिनने मॅग्नेशियम कमी झालेलं असताना हा धोका वाढतो. हृदयविकार असेल तर आधी ईसीजी काढून घ्या. नुसत्या अ‍ॅसिडिटीसाठी साधं पॅन्टोप्राझोल चालेल का, ते विचारा.

मेटोक्लोप्रमाइड (हेही उलटीचंच औषध) आणि ओलान्झापिन एकत्र नको, दोन्ही मेंदूतलं डोपामिन हे रसायन अडवतात. मान एका बाजूला वळून ताठ होणं, डोळे वर फिरणं, जबडा आवळणं असं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच हॉस्पिटल गाठा. इंजेक्शनने थोड्या वेळात उतरतं. तरुण पेशंटमध्ये हे जास्त दिसतं. मेटोक्लोप्रमाइड १० मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा, आणि पाच दिवसांपेक्षा जास्त नाही.

ट्रामाडोल चालू असेल तर तेही सांगा. ऑन्डॅनसेट्रॉनमुळे त्याचा वेदनाशामक परिणाम कमी पडू शकतो.

घरी

तोंडात विरघळणारी गोळी पट्टीतून दाबून काढू नका, तिचा चुरा होतो. मागचा कागद सोलून कोरड्या हाताने जिभेवर ठेवा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली आणि तीत गोळी दिसली, तर फोन करून विचारा, मनाने दोन घेऊ नका. आलेपाक चघळायला हरकत नाही, पण तो गोळीच्या जागी नाही.

पोटाच्या ऑपरेशननंतर पोट फुगलंय, गॅस सरत नाही आणि हिरवी उलटी होतेय, अशा वेळी घरची गोळी देत बसू नका. आतडं अडलेलं असू शकतं. ऑन्डॅनसेट्रॉन ते झाकून ठेवतं, आणि मेटोक्लोप्रमाइड आतड्याला जोर लावून इजा करू शकतं. आठ तास लघवी झाली नाही, पाणीही टिकत नाही किंवा उलटीत रक्त दिसलं, तर थेट कॅज्युअल्टीत जा. केमोनंतर १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर उलटी थांबली असली तरी त्याच रात्री जा.